थेंब गालावरच का पडतो? संधिवाताचे हात आणि डोळ्यांचे ड्रॉप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे मी बावीस वर्षं उभी आहे, आणि घरी आई आहे: आमवात (सांधे सुजवणारा संधिवात) पंधरा वर्षांचा, काचबिंदू (ज्यात डोळ्यातला दाब ड्रॉप्सनी आटोक्यात ठेवावा लागतो) नऊ वर्षांचा. त्यामुळे हे प्रश्न मला दुकानातही ऐकू येतात आणि रात्री साडेनऊला आईच्या खोलीतूनही. लोकांनी जसे विचारले तसेच ते इथे ठेवलेत, एकसारखे होते तेवढे एकत्र केलेत. औषध कोणतं आणि दिवसातून किती वेळा, हे तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. इथे आहे तो फक्त बाटलीपासून डोळ्यापर्यंतचा वीतभर प्रवास.

१. एवढीशी बाटली, तिला दाबायला कसली ताकद लागते? मग मला का जमत नाही?

लागते ती चिमटीची ताकद, आणि संधिवातात आधी जाते तीच. भाजीची पिशवी मनगटावर अडकवून दोन जिने चढणाऱ्या काकूंना बाटलीतून एक थेंब काढता येत नाही, यात नवल काही नाही. झिजेच्या संधिवातात अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा आणि बोटांची टोकाकडची पेरं दुखरी होतात. आमवातात बोटांच्या मुळांचे आणि मधले सांधे सुजतात, मनगटही धरतं. त्यात बाटली उलटी, हात डोक्याच्या वर, मान मागे, आणि दाब मात्र अगदी बेताचा द्यायचा. ही कसरत धडधाकट माणसालाही पहिल्या झटक्यात जमत नाही.

सगळ्या बाटल्या सारख्या नसतात हेही खरं. काहींचं प्लास्टिक मऊ असतं, काहींचं चांगलंच ताठ. आणि बाटली संपत आली की ती जास्त दाबावी लागते, कारण आतली हवा आधी आवळली जाते आणि मग औषध हलतं. महिनाअखेरीला जमेनासं झालं, तर हात आणखी बिघडले असं लगेच समजू नका.

२. नवीन बाटलीला भोकच नाही. सुईने पाडू का?

नको. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांचं टोक बंदच येतं. भोक पाडायचा काटा झाकणाच्या आत असतो. झाकण उघडायच्या उलट दिशेला, म्हणजे आणखी घट्ट, शेवटपर्यंत फिरवलं की तो काटा टोकात घुसतो. काही बाटल्यांना झाकणाखाली प्लास्टिकची कडी असते. ती आधी काढली नाही तर झाकण खालपर्यंत जातच नाही, आणि माणूस वाट्टेल तेवढा जोर लावत बसतो.

आईने एकदा मला न सांगता साडीची सेफ्टी पिन वापरली होती. भोक पडलं, पण वाकडं आणि मोठं. थेंबाऐवजी धार यायला लागली, महिन्याची बाटली तेराव्या दिवशी संपली. पिन स्वच्छ नव्हती हे वेगळंच. सुईने प्लास्टिकचा कण निघून आत पडू शकतो, टाचणीचा गंज जाऊ शकतो.

घट्ट फिरवायची ताकद नसेल तर दुकानात आमच्याकडून करून घ्या. आम्हाला त्यात काही वाटत नाही. फक्त आज सुरू करणार असाल तीच बाटली उघडून घ्या. उघडल्यापासून दिवस मोजायचे असतात (प्रश्न १३).

३. झाकणच फिरत नाही. दात लावले तर?

दात बरेच जण लावतात, कबूल करायला लाजतात. तोंडातले जंतू थेट बाटलीच्या टोकावर जातात. दाताचंही बरं होत नाही.

झाकण गुळगुळीत आणि बारीक असतं, म्हणून बोटांना ते आणखी आवळून धरावं लागतं, आणि दुखतं ते आवळण्यानेच. झाकण जाड आणि खरखरीत केलं की निम्मं काम होतं. भाजीच्या जुडीचे रबर दोन-तीन वेढे देऊन बसवा. भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून फिरवा. सगळ्यांत छान म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा. सायकलवाला फुकट देतो. धुऊन, वाळवून झाकणावर चढवला की तळहाताने ढकललं तरी झाकण फिरतं. बाटली दुसऱ्या तळहातात आणि छातीत दाबून धरा, बोटांच्या टोकांत नको. औषध टाकून झालं की झाकण लावा, पण पिळून घट्ट करू नका. उद्या ते तुम्हालाच उघडायचंय.

४. बाटली धरायची कशी? सगळे सांगतात अंगठा आणि तर्जनी, माझा अंगठा तर वाकडाच झालाय.

अंगठ्याला या कामातून सुट्टी द्या. चार पद्धती सांगते. चारही करून पाहा, तुमच्या हाताला कोणती मानवते ते तुम्हालाच कळेल. सराव पाण्याने भरलेल्या जुन्या बाटलीवर करा, डोळ्यात नाही. ओट्यावर कागद पसरून थेंब पाडून बघा. सराव झाला की ती बाटली फेकून द्या, औषधाच्या डब्यात तिला परत जागा नको.

पहिली, मुठीची. बाटली तळहातात आडवी घेऊन चारही बोटं तिच्यावर मिटायची, टोक करंगळीच्या बाजूने बाहेर. दाब सगळ्या मुठीचा पडतो, एका सांध्यावर येत नाही. आमवातवाल्यांना बहुतेक हीच जमते.

दुसरी, दोन तळहातांची. नमस्कारात हात जोडतो तसे जोडून मध्ये बाटली, टोक खाली, आणि तळव्यांच्या मांसल भागाने दाबायचं. बोटं सरळ राहिली तरी चालतात. पाठीवर झोपून छान होतं. खालची पापणी ओढायला हात उरत नाही, म्हणून हिच्यासोबत प्रश्न ६ मधली मिटल्या डोळ्याची युक्ती वापरा.

तिसरी, बोटांच्या बेचक्यातली. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात बाटलीची मान अडकवायची, तळ वर, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने बाजू दाबायच्या. पेरं फार सुजलेली असतील तर हिच्या नादी लागू नका.

चौथी आईची, तिने स्वतः शोधलेली. पलंगावर उताणी झोपते, डाव्या हाताची मूठ भुवईवर टेकवते, त्या मुठीवर बाटली धरलेला उजवा हात टेकवते. दोन्ही हातांचं वजन कपाळ घेतं. बाटली हवेत लटकत नाही, त्यामुळे सगळी ताकद दाबायलाच उरते. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा: हात कशावर तरी टेकलेला हवा. आणि टोक डोळ्याला, पापणीला, केसांना कशालाही लागू द्यायचं नाही. साधारण बोटभर अंतर ठेवा.

५. दुखत नाही, पण हात थरथरतो. तेव्हा?

टेकूचीच गरज आहे: प्रश्न ४ मधली चौथी पद्धत. कोपर उशीवर ठेवलं तर थरथर आणखी कमी होते. थरथर नव्याने सुरू झाली असेल तर मात्र फॅमिली डॉक्टरांना दाखवा, तिचा संधिवाताशी संबंध असेलच असं नाही.

६. थेंब गालावर, नाकावर, उशीवर, सगळीकडे पडतो, डोळ्यात सोडून. मिटलेल्या डोळ्यावर टाकला तर चालेल का?

चालतं, नीट केलं तर. उताणं झोपा, उशी काढा म्हणजे चेहरा छताकडे सपाट राहील. डोळा मिटा. नाकाकडच्या कोपऱ्यात जो छोटा खळगा आहे तिथे एक थेंब पडू द्या. मग मान न हलवता हळूच डोळा उघडा, थेंब आपोआप आत ओघळतो. लहान मुलांना असंच टाकतात, मोठ्यांनी वापरायला हरकत नाही. आधी पापण्या ओल्या कापसाने पुसून घ्या. पापणीवरचा चिकटा आणि काजळ औषधाबरोबर आत जायला नको.

उघड्या डोळ्यात टाकायचं असेल तर बुबुळावर नेम धरू नका. तिथे पडला की डोळा मिटतो आणि औषध बाहेर येतं. खालची पापणी जरा ओढली की जी खोबण तयार होते तिच्यात टाका, नजर वर. पापणी ओढायला बोटाचं टोकच हवं असं नाही, वाकलेल्या बोटाचं पेर किंवा मुठीची कड गालावर टेकवून खाली सरकवली तरी खोबण होते.

आरशासमोर उभं राहून टाकायचा हट्ट सोडा. उभ्याने मान मागे टाकली की तोल जातो. मानेचा संधिवात असलेल्यांनी तर मुळीच नाही.

७. एक थेंब सांगितलाय, पण मी तीन टाकते, एक तरी आत जाईल म्हणून. चुकतंय का?

विचार समजतो. पण एक थेंब साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिलिटरचा असतो, आणि पापणीच्या खोबणीत मावतं जेमतेम ०.०३. पहिला थेंब आत गेला असेल तर दुसरा आणि तिसरा गालावरच येणार. उलट दुसऱ्याने पहिला धुऊन जातो, आणि नाकावाटे रक्तात जास्त औषध उतरतं.

हिशेबही पाहा. काचबिंदूची रात्री एकदा टाकायची २.५ मिलिलिटरची बाटली घ्या. ढोबळ ऐंशी थेंब निघतात. दोन डोळे, तीस दिवस, साठ थेंब. चुकण्यासाठी वीस उरतात. रोज तीन-तीन टाकले तर बाटली दोन आठवडेही पुरत नाही, आणि पुढची घ्यायची टाळाटाळ सुरू होते. दुकानात ते मला तारखांवरूनच कळतं. पहिला बाहेर पडला याची खात्री असेल तर दुसरा जरूर टाका. खात्री कशी करायची, ते पुढच्या उत्तरात.

८. आत गेला की नाही तेच कळत नाही.

थेंब थंड असला की कळतो. औषधाच्या पाकिटावर फ्रिजमध्ये ठेवायला मनाई नसेल तर बाटली फ्रिजच्या दारात ठेवा. गार थेंब डोळ्यात पडल्याचं लगेच जाणवतं आणि गालावर पडला तर तेही समजतं. काही औषधं आत गेली की घशात कडवट चव उतरते, तीही एक खूण. घाबरू नका, डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात जायची वाट आपल्या सगळ्यांनाच आहे.

९. बाटली दाबायला काही यंत्र मिळतं का?

मिळतं. दोन तऱ्हा आहेत. एक डोळ्यावर टेकायची वाटी, तिच्यात बाटली बसते, नेम आपोआप लागतो. दुसरी म्हणजे दोन लांब पंख्यांचा चिमटा. बाटली मध्ये धरली की पंखे अख्ख्या मुठीने दाबायचे. इंग्लंडमधली ऑटोड्रॉप आणि ऑटोस्क्वीझ ही नावं त्यातली. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात ती सहसा नसतात, ऑनलाइन शोधावी लागतात. घेण्याआधी तुमची बाटली गोल आहे की चपटी, आणि तिचा घेर किती, ते मोजा. दर महिन्याला दुकानदार वेगळ्या कंपनीची बाटली देत असेल तर साधन आज बसेल, पुढच्या महिन्यात बसणार नाही. तेव्हा आम्हाला सांगा, शक्य तेवढी तीच कंपनी आणून देतो.

घरचे उपाय: बाटलीभोवती फोमची पट्टी किंवा जुन्या मोज्याचा वरचा पट्टा गुंडाळला की ती जाड होते आणि मूठ कमी मिटावी लागते. लेबलवरचं नाव आणि तारीख झाकू नका.

एका आजोबांनी लिंबू पिळायच्या यंत्रात बाटली ठेवून दाबली होती. डोकं चाललं होतं, याला दाद द्यायलाच हवी. पण एका दमात पाव बाटली बाहेर आली. त्यात जोर भरपूर मिळतो, आवर घालता येत नाही.

१०. सकाळी बोटं उघडतच नाहीत आणि सकाळचा ड्रॉप तर सातला टाकायचाय.

आमवातात सकाळची आखड तासभर, कधी जास्तही टिकते. झिजेच्या संधिवातात बहुधा अर्ध्या तासात मोकळं वाटतं. दोन्हींत कोमट पाणी मदत करतं. तपेल्यात सोसेल इतकं गरम पाणी घेऊन हात पाच-दहा मिनिटं बुडवा, आत बोटं उघड-मीट करा, कोरडे पुसा, मग बाटली हातात घ्या. हातही धुऊन होतात.

तरी नाहीच जमलं तर वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. रोज सारख्याच अंतराने टाकायचा असेल तर साताऐवजी नऊ ही वेळही बहुतेकदा चालू शकते. पण मनाने ठरवू नका.

११. माझ्या तीन बाटल्या आहेत. कोणती आधी? लागोपाठ टाकल्या तर?

दोन औषधांत किमान पाच मिनिटं ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. आधी पातळ ड्रॉप्स, मग जेल, शेवटी मलम. मलमाआधी दहा मिनिटं गेली तर उत्तम. काही ड्रॉप्स गढूळ, दुधी असतात, त्यांच्या तळाशी औषध बसतं. हलवायला मनगट दुखत असेल तर झाकण लावून बाटली हळूहळू उलटी-सुलटी करा, तळाचा साका मिसळेपर्यंत.

ओळखायला आम्ही रबरबँड लावतो: सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. आईला चष्मा न लावता, अंधारातही हाताला कळतं. झाकणाच्या रंगावर भरवसा ठेवू नका. एकच औषध दोन कंपन्यांकडून दोन रंगांच्या झाकणात येतं. तीन बाटल्यांऐवजी एकीत दोन औषधं मिळतात का, हा प्रश्नही डॉक्टरांना जरूर विचारा. काचबिंदूत अशा जोड-औषधांच्या बाटल्या आहेत. एक बाटली कमी म्हणजे दिवसातून दोन-चार वेळचं दाबणं कमी.

१२. ड्रॉपनंतर नाकाजवळचा कोपरा दाबा म्हणाले. माझं बोट तिथे पोचत नाही.

तर्जनीच्या टोकाऐवजी वाकवलेल्या बोटाचं पेर टेकवा. तेही दुखत असेल तर नुसते डोळे अलगद मिटून दोन मिनिटं पडून राहा, उघडझाप करू नका. घट्ट आवळून मिटूही नका, औषध बाहेर येतं.

हे का करायचं? त्या कोपऱ्यात अश्रू नाकात जायची नळी आहे. ती थोडा वेळ बंद राहिली तर औषध डोळ्यात राहतं, रक्तात कमी जातं. काचबिंदूवरच्या टिमोलॉलसारख्या औषधात याला फार महत्त्व आहे. ते रक्तात गेलं तर नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असण्याचा त्रास असेल तर ड्रॉप लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असलंच पाहिजे. लोक डोळ्याच्या डॉक्टरांना छातीचं काही सांगत नाहीत, ‘त्याचा काय संबंध’ म्हणून. संबंध आहे.

१३. उघडलेली बाटली किती दिवस? आणि फ्रिजमध्ये ठेवायची का?

बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवडे. पाकिटावरची एक्स्पायरी ही न उघडलेल्या बाटलीची असते. उघडली त्या दिवशी लेबलवर पेनने तारीख लिहा. पेन धरवत नसेल तर दुकानात लिहून घ्या. वेगळी मुदत पाकिटावर दिली असेल तर ती पाळा.

फ्रिजचं औषधागणिक वेगळं असतं. काचबिंदूवरच्या लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या न उघडलेल्या असताना २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, उघडल्यावर २५ अंशांखाली बाहेर चालतात. हे २५ अंश लिहिणाऱ्याने अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा मे महिना पाहिलेला नसावा. तिकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हाळ्यात अशी बाटली फ्रिजच्या दारातच बरी. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर आणि देवघरात निरांजनाशेजारी ठेवलेल्या बाटल्याही मी पाहिल्या आहेत.

१४. डॉक्टरांनी ‘प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले’ दिले. छोट्या छोट्या कुप्या आहेत, त्या तर अजिबातच उघडत नाहीत.

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बाटलीत जंतू वाढू न देणारं रसायन. ते नसलं की औषध डोळ्याला सौम्य, वेष्टण हाताला कठीण, अशी ही गंमत आहे. कुपीचा पंख चिमटीत धरून पिळावा लागतो. पंख कपड्याच्या चिमट्यात पकडा आणि चिमटा फिरवा, बोटांना वळवावं लागत नाही. टोकाला चिमटा लागू देऊ नका. एकदा वापरायची कुपी उघडली की उरलेलं टाकून द्यायचं, कितीही जिवावर आलं तरी.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या मोठ्या बाटल्याही निघाल्यात. त्यांच्या टोकात झडप किंवा गाळणी असते, त्यामुळे काही बाटल्यांना साध्या बाटलीपेक्षा जास्त दाब लागतो. महाग म्हणजे सोपी, असं धरू नका. घ्यायच्या आधी दुकानात विचारा.

१५. ड्रॉपऐवजी मलम जमेल का?

डॉक्टर म्हणाले तर. ट्यूब टेबलावर ठेवून तळहाताने मागून पुढे दाबता येते, तांदळाच्या दाण्याएवढं मलम पुरतं. नजर मात्र थोडा वेळ धूसर होते, म्हणून बहुधा झोपताना देतात. मलम लावून जिना उतरू नका.

१६. पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर दिवसातून सहा वेळा ड्रॉप्स! कोण टाकणार?

हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारलात, शाबास. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी विचारतात. ड्रॉप्स साधारण चार ते सहा आठवडे चालतात, सुरुवातीला जास्त वेळा, मग कमी करत जातात. तारखेआधी डॉक्टरांना सांगा की हात चालत नाहीत. वेळापत्रक सोपं करता येईल का, जोड-औषध चालेल का, ते पाहतील. घरात कोण किती वाजता असेल याचा कागद फ्रिजवर चिकटवा: सकाळी मुलगा, दुपारी शेजारच्या वहिनी, रात्री नात.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हाताचा किंवा साधनाचा भार नको. टेकू भुवईच्या वर, कपाळावरच. डोळ्यावर टेकायची वाटी (प्रश्न ९) तेवढे आठवडे बाजूला ठेवा. दुखणं वाढलं, दिसणं कमी झालं, डोळा जास्त लाल झाला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

१७. सासूबाईंना मी टाकते. त्या दचकतात, मी घाबरते.

आधी हात धुवा, मग सांगा, मग टाका. ‘आई, आता डावा’ एवढं म्हटलं तरी दचकणं निम्मं होतं. समोरून बाटली आणू नका, डोक्याच्या मागे उभं राहून कपाळाकडून आणा. आपला हात त्यांच्या कपाळावर टेकवा म्हणजे त्या हलल्या तरी हात बरोबर हलेल, टोक डोळ्यात जाणार नाही. तरी दचकल्या तर प्रश्न ६.

आणि त्यांना एखाद्या वेळी स्वतः टाकायचं असेल तर टाकू द्या. माझ्या आईला मी टाकलेला आवडत नाही. तिचं म्हणणं, ‘तू औषध टाकत नाहीस, काम उरकतेस.’ खरं आहे ते.

१८. रात्रीचा राहिला. सकाळी दोन टाकू?

नाही. आठवलं तेव्हा टाका. पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. दुप्पट टाकून भरपाई होत नाही (का, ते प्रश्न ७ मध्ये). आठवड्यातून दोनदा राहत असेल तर ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

१९. डोळ्यांचा दाब कमी होत नाही म्हणून तिसरं औषध वाढवलं. खरं तर निम्मे थेंब बाहेरच पडतात, पण सांगायची लाज वाटते.

हे पान लिहायला घेतलं ते मुख्यतः या प्रश्नासाठी. डॉक्टरांना दिसतो तो फक्त दाबाचा आकडा. औषध डोळ्यात गेलंच नाही हे त्यांना कळायला मार्ग नाही, ते समजतात औषध पुरेसं नाही. मग बाटली वाढते, दाबणं वाढतं, चुकणं वाढतं.

पुढच्या वेळी बाटली सोबत न्या आणि म्हणा, ‘मी टाकून दाखवतो, बघा.’ हे एवढं वाक्य. सहज जमतंय असं समजणाऱ्यांचेही थेंब बाहेर पडतात, तुम्ही काही जगावेगळे नाही. पाहिल्यावर डॉक्टरांपुढे बरेच मार्ग असतात: दिवसातून एकदाच टाकायचं औषध, जोड-औषध, किंवा काही प्रकारच्या काचबिंदूत लेझर. डोळ्यातला निचरा सुधारणाऱ्या या लेझरचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ड्रॉप्सच्या आधी, सुरुवातीलाच लेझर दिलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा दाब तीन वर्षं ड्रॉप्सशिवाय आटोक्यात राहिला. प्रत्येकाला ते लागू पडत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

२०. आमवात आहे आणि डोळे सतत चुरचुरतात. कृत्रिम अश्रू घेऊन टाकले तर चालेल ना?

आमवातात कोरडे डोळे नेहमीचेच. हात धड नाहीत आणि ड्रॉप्स मात्र दिवसातून चार वेळा, असा दुहेरी ताप याच मंडळींना. साधे कृत्रिम अश्रू सहसा निरुपद्रवी असतात. पण ‘मागच्या वेळी दिलेले ते लालीचे ड्रॉप्स द्या’ म्हणून स्टेरॉइडची बाटली मागू नका, मी देत नाही. ते महिनोन् महिने टाकले तर डोळ्यांचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. मध आणि गुलाबपाणीही नको.

आमवात असताना डोळा लाल होऊन आतून ठणकत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, उजेड सहन होत नसेल, तर तो कोरडेपणा समजू नका. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला सूज असू शकते, आणि ती नजर घालवू शकते. त्याच दिवशी डॉक्टर. आमवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी चालू असेल तर पडद्याची तपासणी ठरल्या वेळी करून घ्या: सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, त्रास नसला तरी.

२१. चुकून दुसरीच बाटली डोळ्यात टाकली!

कानाचे ड्रॉप्स, कुरूपावरचं औषध, झटपट चिकटणारा गोंद, या सगळ्यांच्या बाटल्या एवढ्याच असतात आणि एकाच ड्रॉवरमध्ये असतात. लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहा, आणि तीच बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. गोंदाने पापण्या चिकटल्या असतील तर ओढून उघडू नका. आजच करा: डोळ्यांच्या औषधांना वेगळा डबा, बाकी कशालाही त्यात प्रवेश नाही.

२२. उजव्या हाताला प्लास्टर आहे, डावा संधिवाताने गेलेला. घरी दिवसभर एकटी असते. काही मार्ग?

आहे. मिटल्या डोळ्याची पद्धत (प्रश्न ६) एका हाताने होते, पापणी ओढावी लागत नाही. बाटली मुठीत (प्रश्न ४), मूठ कपाळावर. अडतं ते झाकणापाशी. खुर्चीत बसून बाटली दोन गुडघ्यांत उभी धरा, टोक वर, आणि झाकणावर चढवलेल्या सायकलच्या ट्यूबवर (प्रश्न ३) तळहात ठेवून फिरवा. काढलेलं झाकण पालथं ठेवू नका, तोंड वर करून स्वच्छ बशीत ठेवा. घरून कामाला निघणाऱ्याने झाकण सैलसर लावून बाटली बशीत उभी ठेवून दिली तर तेवढंही करावं लागत नाही. प्लास्टर निघेपर्यंत आमच्याकडच्या एका आत्यांच्या घरी सकाळी दूध घालणारा मुलगा ते झाकण सैल करून जात असे.